वाढत्या अंगाचं मशीन

४ मार्च

चि. खटपटे,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहून शाई कशाला घालवू.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तू बोलतेस ते मला अर्धंच ऐकू येतं. चाळीस वर्षं शिलाई मशीनला कान लावून बसलेल्या माणसाशी बोलावं तर कागदावरच. शिवाय हे काम मापाचं आहे, आणि माप तोंडी सांगितलं की बाही हमखास आखूड होते.

तर, मला खोलीत बसवायला एक लहानसा एसी घ्यायचा आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. ‘एसी म्हणजे पैसे मोजून सर्दी विकत घेणं’ हे वाक्य माझंच, ते मी नाकारत नाही. पण धंद्यासाठी माणसाला मन मोठं करावं लागतं. दुकानामागच्या खोलीत आता ट्रायल घ्यायची असं ठरवलं आहे. गिऱ्हाईक भर उन्हाळ्यात सूट घालून आरशासमोर उभं राहतं आणि कच्च्या शिलाईतच अस्तर भिजवून ठेवतं. घामेजलेल्या माणसाचं माप खरं येत नाही, हे तुला पटेल.

खोली दहा बाय अकरा, उंची साडेनऊ फूट. हे शिंप्याचं माप आहे, सुताराचं नाही, तेव्हा निर्धास्त राहा. वर थेट गच्ची, दिवसभर ऊन. एसीच्या दुकानात जाऊन आलो. टाय लावलेला एक विक्रेता मला अर्धा तास समजावत होता. त्याची कॉलर मानेपेक्षा दोन नंबर मोठी होती, मध्ये चार बोटं सहज गेली असती. ज्याला स्वतःच्या मानेचं माप कळत नाही तो मला माझ्या खोलीचं माप सांगणार! मी उठून आलो.

अख्ख्या घराण्यात स्क्रू काढून परत बसवता येणारी तू एकटी. लहानपणी माझं मशीन उघडून ठेवलं होतंस तेव्हा मी तुला बदडायलाच निघालो होतो. तुझी मामी मध्ये पडली, म्हणून आज तिकडे तुझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान उभं आहे. त्यामुळे सल्ला फुकट दे आणि लवकर दे.

मामीचेही आशीर्वाद.

तुझा मामा

११ मार्च

मामा,

नमस्कार वाकून केला आहे असं समज. मी खरंच वाकलेली आहे, एका फ्रीजच्या मागे, आणि कागद त्याच्याच पाठीवर ठेवून लिहिते आहे. अक्षर हललं तर तो चालू झाला असं समज.

तुझं पत्र मी दुकानातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. तू आणि एसी! गेल्या उन्हाळ्यात मी पंख्याचं रेग्युलेटर बदलून दिलं तर ‘चारवर कशाला, दोनवर हवा खेळती राहते’ म्हणून मला गप्प केलं होतंस. असो. ‘देर आए, दुरुस्त आए’ असं हिंदीत म्हणतात, तसलं काहीतरी म्हणावंसं वाटतं, पण मला मराठीतच आनंद झाला आहे.

आता कामाचं. एकशे दहा चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचं मशीन भरपूर झालं. डोक्यावर तापलेली गच्ची आहे म्हणून एक टन, नाहीतर पाऊणसुद्धा चाललं असतं. मोठं घेऊ नकोस. दुकानदार मोठं घे म्हणेल, शेजारी मोठं घे म्हणेल, आणि तुला ओळखते म्हणून सांगते, तुझ्या आतूनही कुणीतरी मोठं घे म्हणेल. त्या तिघांचंही ऐकू नकोस. खिडकी मोकळी असेल तर खिडकीत बसणारंच घे, म्हणजे भिंत फोडायला नको. इस्त्री मात्र त्या खोलीत ठेवू नकोस, नाहीतर ती दोघं दिवसभर एकमेकांशी भांडतील आणि बिल तुला येईल. पाणी जायला नळी लागेल. नळीखाली बादली ठेव आणि रोज किती पाणी पडतं ते मला कळव.

आणखी एक. मामीच्या दोन ओळी कुठे आहेत? मला कळायला लागल्यापासून तुझ्या प्रत्येक पत्राच्या खाली मामीच्या दोन ओळी असतात, आणि त्या नेहमी तुला खोटं पाडतात. वर तू लिहितोस ‘प्रकृती उत्तम’, खाली ती लिहिते ‘यांचा गुडघा सुजला आहे’. या वेळी नुसतं ‘मामीचेही आशीर्वाद’, तेही तुझ्याच अक्षरात. कागद संपला होता का?

तुझी खटपटी

२ एप्रिल

चि. खटपटे,

मशीन आलं, बसलं, चाललं!

तुझं पत्र मशीन घेतल्यावर मिळालं असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला बोलू. पत्र आधी मिळालं, मी ते दोनदा वाचलं, आणि मग जाऊन दोन टनांचं घेतलं.

ओरडण्याआधी ऐक. चाळीस वर्षांत मी एकही कपडा मार्जिन न ठेवता शिवलेला नाही. आतल्या बाजूला दोन बोटं कापड जास्तीचं सोडलं की माणूस पुढे कितीही फुगू दे, शिलाई उसवून त्याला सामावून घेता येतं. पोराला कपडे घेताना आपण काय म्हणतो? वाढत्या अंगाचे घ्या. उन्हाळा तर दरवर्षी वाढतोच आहे, तो काय माझ्या खोलीत येऊन आटणार आहे? तू तुझ्या विद्येने एक टन सांगितलंस, मी माझ्या विद्येने त्याला मार्जिन सोडलं. तुझा अपमान करण्याचा हेतू नाही.

तू विचारलंस ते सांगतो. इस्त्री पुढे दुकानात असते. खिडकी एक आहे, गल्लीकडे तोंड करून, पण तिचा विचार तू करू नकोस. तिच्यासमोर कपाट आहे, न नेलेल्या कपड्यांचं. लोक शिवायला टाकतात आणि विसरतात, मी मात्र विसरू शकत नाही. त्रेसष्ट कपडे आहेत आत, सगळ्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. कुणीही कधीही येऊन ‘माझी विजार’ म्हणू शकतो. ते कपाट हलवायचं म्हणजे त्रेसष्ट माणसांचा विश्वासघात. म्हणून खिडकीतलं नको, भिंतीवरचं घेतलं. भोक पाडणारा म्हणाला तीन इंच, मी टेप लावला तर सव्वातीन. आजकाल कारागीर राहिले नाहीत.

मशीन अगदी मध्यावर लावून घेतलं, पलंगाच्या बरोबर समोर, म्हणजे झोत सरळ उशीवर येतो. एवढी गार हवा इकडेतिकडे फुकट जायला नको. अठरावर ठेवलं आहे. त्याच्या खाली सोळाही आहे, म्हणजे तिथेही मार्जिन आहे. दहा मिनिटांत खोली गारेगार होते आणि मशीन गप्प बसतं. थोड्या वेळाने जागं होतं, पाच मिनिटं धावतं, परत गप्प. हुशार गडी आहे, काम उरकून मोकळा होतो. आणि बादलीचं म्हणशील तर ती जवळजवळ कोरडी असते. एवढं स्वच्छ मशीन आहे हे!

मामी कामात आहे. ती बघेल तेव्हा खूश होईल.

तुझा मामा

७ एप्रिल

मामा,

त्या टायवाल्या विक्रेत्याच्या कॉलरला हसला होतास ना? तुझ्या खोलीने आता तशीच कॉलर घातली आहे.

कपड्याचं मार्जिन आत दुमडून गप्प बसतं, एसीचं बसत नाही. घेतलेला अख्खा दोन टन रोज अंगावर येतो. खोली गार करणं हे एसीचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे हवेतली ओल ओढून बाहेर टाकणं, आणि त्याला वेळ लागतो, मशीनला बराच वेळ शांतपणे चालावं लागतं. तुझा हुशार गडी दहा मिनिटांत खोली गार करून झोपतो, ओल जिथल्या तिथे. बादली कोरडी आहे म्हणजे मशीन स्वच्छ आहे असं नव्हे. जे पाणी बादलीत असायला हवं ते तुझ्या खोलीच्या हवेत आहे, उशीत आहे, आणि त्या त्रेसष्ट लोकांच्या विजारींत आहे. कोटांना कुबट वास यायला लागला की मला आठव.

आता दुसरं. ट्रायलच्या खोलीत पलंग काय करतो? तुझी गिऱ्हाइकं सूट घालून आडवी होऊन बघतात का? झोत उशीवर कुणाच्या? आणि मामी जर त्याच घरात कामात आहे, तर ‘बघेल तेव्हा’ म्हणजे काय? दहा बाय अकराच्या खोलीत बसवलेलं मशीन तिला अजून दिसलं नाही?

मी मामीला फोन केला. ती म्हणाली, “मी बरी आहे. तू आधी त्यांना विचार.” मागून तिच्या बहिणीचा आवाज येत होता.

तर विचारते आहे.

खटपटी

२० एप्रिल

चि. खटपटे,

तू वकील व्हायला हवी होतीस, उगाच पाने-पकडी हातात घेतल्यास.

ट्रायल-बियल काही नाही. ती आमची झोपायची खोली आहे, तुला माहीतच आहे. तुझी मामी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या बहिणीकडे निघून गेली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मला ते मिटवता आलं असतं, त्यात मी तरबेज आहे. ती सकाळी बॅग भरून दुकानात आली. मी एका कोटाची बाही जोडत होतो. म्हणाली, “त्या खोलीत माझा जीव घुसमटतो. माणसासारखं झोपता येईल अशी झाली की कळवा.” मी म्हणालो, “उन्हाळा आहे, सगळ्यांनाच उकडतं.” तिने मान डोलावली आणि गेली. बाही मी उलटी जोडली होती, ते संध्याकाळी कळलं.

आता तूच सांग, या बोलण्याचा अर्थ कुठलाही शहाणा माणूस काय लावेल? बाईला उकडतं आहे. म्हणून मी माझी चाळीस वर्षांची मतं गिळून, टायवाल्यापुढे मान तुकवून मशीन आणलं. आणि तिच्यासाठी आणलं म्हणूनच दोन टनांचं. स्वतःसाठी मी पाऊणही घेतलं नसतं. हे तू लक्षात घेतलं नाहीस.

मशीन बसल्यावर तिला कळवलं. तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या फोनवर, त्यालाही ऐकू जाईल असं, की आमच्याकडे दोन टनांचं आहे. त्यांच्याकडे एकाचं आहे. ती आली. मी दार उघडून एखाद्या साहेबाला दाखवावी तशी खोली दाखवली. मी रिमोट दाखवला, तो माझ्या खिशात असतो, सुरक्षित.

पहिल्या दिवशी तिने दोन चादरी घेतल्या. दुसऱ्या दिवशी मान आखडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं.” मी अठराचं सतरा केलं. चौथ्या दिवशी तिने बॅग भरली. तू लिहिलं होतंस तसं कोटांना वासही यायला लागला आहे, आणि एका जोधपुरीच्या कॉलरवर पांढरी बुरशी आली आहे. त्याबद्दल तू खूश हो.

जाताना दारात थांबून ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्याचा अर्थ लागत नाही. म्हणाली, “मी गारवा मागितलाच नव्हता. मला हवा हवी होती.”

मी तीन दिवस यावर विचार केला. मशीनच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की हवेचा जोर मशीनच्या आकारावर असतो. तीन टनांचं मिळतं का, हे तुझ्याकडे बघून कळव.

खोटं बोललो याचं मला वाईट वाटतं. घर फार शांत आहे. दुकानात मशीनचा आवाज असतो म्हणून दिवस जातो, पण आत गेलं की तो गडीसुद्धा दहा मिनिटांत गप्प होतो.

मामा

२४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून थोडी रडले. दोन्हीचं कारण तूच.

तीन टनांचं मशीन सभागृहात लावतात. मामीला सभागृह नको आहे. मामा, तिला खिडकी हवी आहे.

तुझ्या लक्षात नसेल, माझ्या आहे. मी सुट्टीत यायचे तेव्हा ती खिडकी उघडी असायची आणि तिच्यापाशी मामीची खुर्ची असायची. तुझ्या सगळ्या शर्टांची काजं मामी तिथे बसून हाताने करायची. मी तिच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवून द्यायचे. काजं करता करता ती अख्ख्या गल्लीला ओळखायची. कुणाची कॉपी तपासायची राहिली म्हणून कुठली मास्तरीण घाईत आहे, पोस्टमनला आज उशीर का झाला, समोरच्या मुलीचं कुणाशी जमलं आहे. येणारीजाणारी माणसं खिडकीशी थांबायची, दोन शब्द बोलायची. मग मी एकदा आले तर तिथे कपाट होतं. मामीची खुर्ची आत, भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर बल्ब. मी विचारलं तर म्हणाली, “यांना जागा लागत होती.” त्याला अकरा वर्षं झाली.

तिने तुला किती वेळा सांगितलं असेल ते मला माहीत नाही. पण आठव जरा. ‘हे कपाट जरा इकडे घेऊ या का’ असं ती म्हणाली की तू काय म्हणायचास? माझ्यासमोरच दोनदा म्हणाला होतास, “लोकांची ठेव आहे ती.” लोकांच्या त्रेसष्ट कपड्यांना जागा झाली आणि तिच्या एका खुर्चीला नाही. त्या खोलीत श्वास अडकणार नाही तर काय होईल? आणि तू काय केलंस, तर कपाट हलवायला नको म्हणून भिंत फोडलीस. सव्वातीन इंच. एवढीच हवा तिच्या वाट्याला आली.

रागावून लिहिलं आहे, तसंच जाऊ दे.

आता काम. ते दोन टनांचं धूड टेम्पोत घालून माझ्याकडे पाठव, इथल्या एका व्यायामशाळेला तसंच हवं आहे. बदल्यात मी एक टनाचं पाठवते, एकदम चालू आणि एकदम बंद होणारं नाही, गरजेप्रमाणे आपला वेग कमीजास्त करणारं. ते दाराच्या वर लाव, म्हणजे झोत खोलीच्या लांबीने वरून जाईल, कुणाच्या मानेवर बसणार नाही. सव्वीसवर ठेव आणि पंखा दोनवर, तुझा आवडता. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून नळाखाली धुवायची. मशीन चालू असताना खिडकी बंद आणि खिडकी उघडी असताना मशीन बंद. आणि रिमोट खिशातून काढ, मामा. तो माणसं गार करायला असतो, ताब्यात ठेवायला नव्हे.

पण हे सगळं नंतर. आधी कपाट.

खटपटी

१९ मे

चि. खटपटे,

या वेळी आशीर्वाद मुद्दाम लिहितो. शाई भरपूर आहे.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. मी बाजू भक्कम मांडली होती. तिसऱ्या दिवशी कपाट उघडून बसलो आणि चिठ्ठ्यांवरचे पत्ते बघून त्रेसष्ट पोस्टकार्डं टाकली: ‘आपला कपडा तयार आहे. पंधरा दिवसांत न्यावा, नंतर जबाबदारी माझी नाही.’ चाळीस वर्षांत मी असं कुणाला म्हटलं नव्हतं.

चौदा जण आले. एकवीस कार्डं परत आली, पत्ते बदललेले किंवा माणसंच गेलेली. बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. चौदांत एक जण असा होता की अकरा वर्षांपूर्वी त्याने लग्नाचा सूट टाकला होता, ते लग्न मोडलं आणि तो सूट न्यायला आलाच नाही. आता तीन मुलांचा बाप आहे, पोट पुढे, जाकीट कुठेच लागेना. मी जागेवर उसवलं, दोन्हीकडचं मार्जिन मोकळं केलं, इस्त्री मारली. अंगावर बेतल्यासारखा बसला. तो आरशासमोर दोन्ही बाजूंनी वळून बघत म्हणाला, तुम्हाला कसं माहीत होतं मी एवढा जाड होणार? मार्जिनला हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. माझी विद्या खोटी नव्हती, मी ती भलत्या ठिकाणी लावली एवढंच.

राहिलेले कपडे धुऊन, वाळवून, बटणं नीट करून गरजूंना वाटले. ती बुरशीवाली जोधपुरीसुद्धा. कपाट शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकलं. चौघांनी उचललं तेव्हा त्याच्यामागे मला तुझ्या मामीचं, काजं करताना बोटात घालायचं अंगुस्तान सापडलं. ते हरवलं म्हणून मी तेव्हा तिला वेंधळी म्हणालो होतो. खिडकी फुगून बसली होती, सुताराला बोलवावं लागलं. ती उघडली तेव्हा खोलीत एवढा उजेड आला की भिंतीचा रंग कोणता आहे ते मला पहिल्यांदा कळलं. तो रंग चांगला नाही.

तुझं मशीन आलं. दाराच्या वर लावलं, भोक मीच टेप धरून पाडून घेतलं, बरोबर तीन इंच. जुनं भोक बुजवलं. आता ते हळू आवाजात चालत राहतं, गप्प होत नाही, आणि बादली रोज अर्धी भरते. ते पाणी मी इस्त्रीत घालतो. त्यात क्षार नसतात, इस्त्रीचं तोंड साफ राहतं. हे तू मला सांगितलं नव्हतंस. शिंप्याकडूनही शिकण्यासारखं असतं.

मग मी तुझ्या मामीला पत्र लिहिलं. एकतीस वर्षांत पहिलं, आम्ही कधी लांब नव्हतोच. चार ओळींचं होतं. पहिल्या ओळीत नव्या मशीनचं माप, दुसरीत तापमान, तिसरीत खिडकी उघडल्याचं. चौथ्या ओळीशी तुझा काही संबंध नाही.

ती मागच्या सोमवारी आली. एकंदरीत पाहता, योग्य मापाचं मशीन बसवल्यामुळे प्रश्न सुटला असंच म्हणावं लागेल. सव्वीस अंश हे आम्ही दोघांनी विचारविनिमयाने ठरवलं. प्रकृती उत्तम.

तुझा मामा

*खटपटे, विचारविनिमय वगैरे काही झाला नाही. रिमोट माझ्याकडे आहे. यांच्या गुडघ्याला सूज आहे, कारण ‘चौघांनी उचललं’ त्या चौघांतले एक हे स्वतः होते. मशीन चांगलं आहे हो तुझं, झोपताना लावते. दिवसभर खिडकी.*

*चौथ्या ओळीत यांनी लिहिलं होतं: ‘काजं तशीच पडून आहेत.’ या माणसाला याहून जास्त बोलता येत नाही, हे मला एकतीस वर्षांपासून माहीत आहे, म्हणून आले. काजं अजून तशीच पडली आहेत. पडू देत. पोस्टमनला आज उशीर झाला आहे, मी गल्लीकडे बघत बसले आहे.*

*मामी*